विषाच्या कपाटाची किल्ली

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते, ‘धोक्याची वस्तू कुलपात असावी, ज्ञान कुलपात नसावं.’ त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. वाक्य आवडल्याचं बऱ्याच जणांनी कळवलं. पण विचार करायला लावलं ते न पटलेल्यांनी, म्हणून त्यांचीच पत्रं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते : मी 31 वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. त्यातली 22 वर्षं रसायनांचं भांडार माझ्या ताब्यात होतं आणि विषाच्या कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे असायची.

प्रश्न : मॅडम, मी 17 वर्षांचा आहे. मला रसायनशास्त्राचं वेड आहे. घरातल्या एका कोपऱ्यात मी छोटी प्रयोगशाळा मांडली आहे. पण नायट्रिक आम्ल मागितलं की दुकानदार मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि ‘मोठ्या माणसाला पाठव’ म्हणतो. कुणीतरी कुठेतरी बॉम्ब बनवला, त्याची शिक्षा मला का? माझं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या गुन्ह्यामुळे का कमी व्हावं?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हा प्रश्न जुना आहे रे, निदान सोमलाच्या कायद्याइतका तरी. सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. पांढरी भुकटी, वास नाही, चव जवळजवळ नाही, पिठात किंवा साखरेत मिसळली तर डोळ्यांना कळत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उंदीर मारायला म्हणून ते कुणालाही, कुठल्याही दुकानात मिळे, आणि त्याने माणसंही मारली जात. शेवटी 1851 मध्ये तिथल्या संसदेने सोमलाच्या विक्रीचा कायदा केला. तो नीट बघ. ‘विकू नका’ असं तो म्हणत नाही. विकणाऱ्याने वहीत घेणाऱ्याचं नाव, पत्ता, धंदा, किती घेतलं आणि कशासाठी घेतलं हे लिहायचं. घेणाऱ्याने सही करायची. गिऱ्हाईक अनोळखी असेल तर ओळखीचा साक्षीदार हवा. शिवाय थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळायची. मला त्या काजळीचं फार कौतुक आहे. ज्याला उंदीर मारायचेत त्याचं काळ्या सोमलाने काहीच अडत नाही. ज्याला कुणाच्या ताटात ते गुपचूप कालवायचंय, त्याचं मात्र तिथेच अडतं.

त्याच कायद्यात वरिष्ठ सभागृहात आणखी एक कलम घुसवलं गेलं होतं : सोमल फक्त प्रौढ पुरुषांनाच विकावं. बायका विष घालतात, असा तेव्हा बोभाटा होता. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहून या कलमाला विरोध केला आणि अखेरीस ते गळलं. पुढे 1859 मध्ये स्वातंत्र्यावरच्या आपल्या ग्रंथात मिल यांनी विषविक्रीचाच दाखला घेतला. डॉक्टरची चिठ्ठी प्रत्येक वेळी सक्तीची केली तर ज्याला खरी गरज आहे त्यालाही वस्तू मिळणं अवघड होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा बाटलीवर विष असल्याचं लिहा, विक्रीची तपशीलवार नोंद ठेवा. म्हणजे सरळ माणसाची वाट मोकळी राहते आणि वाकड्याचा माग राहतो.

आमच्या कपाटाची वही याच वळणाची होती. लाल कापडी पुठ्ठा, आडवी पानं, सात रकाने : तारीख, रसायन, कशासाठी, आधीचं वजन, नंतरचं वजन, नेणाऱ्याची सही, देणाऱ्याची सही. मर्क्युरिक क्लोराइडची, म्हणजे पाऱ्याच्या एका विषारी संयुगाची, बाटली तराजूवर ठेवायची, आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो लिहायचा. दोन मिनिटांचं काम. 22 वर्षांत त्या वहीमुळे एकाही विद्यार्थ्याचा प्रयोग अडल्याचं मला आठवत नाही.

आता तुझ्या दुकानदाराकडे येऊ. तू काय नेतोस, किती नेतोस, कशाला नेतोस, हे त्याने विचारलंच नाही. त्याने तुझा चेहरा आणि वय बघितलं. ही वागणूक त्या गळलेल्या कलमाच्या जातीची आहे आणि तुला तिचा राग यायलाच हवा. पण तू जे मागत होतास त्याबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने नाही. तीव्र नायट्रिक आम्ल घरात नको. युरोपीय संघात 3 टक्क्यांहून तीव्र नायट्रिक आम्ल सामान्य ग्राहकाला सहजी मिळत नाही. त्यामागे स्फोटकांची भीती आहे, पण माझं कारण वेगळं आहे. या आम्लात तांब्याचा तुकडा टाकलास की जो तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. तो छातीत गेला तर आधी नुसता खोकला येतो, मग बरं वाटतं, आणि काही तासांनी, रात्री झोपेत, फुप्फुसात पाणी भरू लागतं. धूर ओढून घेणारं फ्युम कपाट तुझ्या कोपऱ्यात नाही. तो प्रयोग शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर कर. त्यांना जाऊन सांग की मी वहीत लिहून, सही करून काम करीन. असा मुलगा समोर आला की नाही म्हणणारा शिक्षक विरळा.

आणि नोंदवहीने सगळं भागतं असंही समजू नकोस. कायदा होऊन सात वर्षं झाल्यावर, 1858 मध्ये, इंग्लंडमधल्याच ब्रॅडफर्ड शहरात खाऊच्या गोड गोळ्या खाऊन वीसेक माणसं दगावली आणि 200 हून अधिक आजारी पडली. गोळ्या करणारा साखरेत भर म्हणून जिप्समची पूड घालत असे. औषधविक्याकडच्या नव्या मदतनिसाने चुकून दुसऱ्याच पिंपातून 12 पौंड पूड काढून दिली, ती सोमलाची निघाली. त्या पिंपावर नावच नव्हतं. कायदा खुन्यांची वाट अडवून बसला होता आणि माणसं मेली ती एका कोऱ्या पिंपाने. तेव्हा हे पत्र वाचून झालं की तुझ्या कोपऱ्यातल्या बाटल्या बघ. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काही भरून ठेवलं असशील तर आजच काढ. प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता, तारीख. पेन्सिलने नको, पुसलं जातं.

प्रश्न : ताई, मी दोन मुलींची आई आहे. मुलांना जाळ्यात ओढणारी माणसं एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणाऱ्या, मेसेजच्या आड लपतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मग अशा प्रत्येक ॲपची एक किल्ली पोलिसांकडे का नसावी? आम्हाला लपवण्यासारखं काही नाही. मुलींच्या सुरक्षिततेपुढे मला माझी गुप्तता नको.

उत्तर : तुमची भीती खरी आहे, आणि ती कमी लेखणाऱ्याचं मी ऐकूनही घेणार नाही. पण किल्लीचं म्हणाल तर मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला मला आजही जड जातं.

एका सोमवारी पोटॅशियम सायनाइडची बाटली वजनाला लावली तर वहीतल्या आकड्यापेक्षा 4 ग्रॅम कमी भरली. चार ग्रॅम म्हणजे कित्येक माणसांचा जीव. वहीत शेवटची सही तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याची होती. अबोल मुलगा, मान खाली घालून काम करणारा. तेवढ्यावरून सगळ्यांची नजर त्याच्याकडे वळली, माझीसुद्धा. दोन दिवस त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, आळीपाळीने बोलावून प्रश्न विचारले. त्याचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले होते, बोटं पांढरी पडलेली. ते हात मला अजून दिसतात. तिसऱ्या दिवशी विभागातले एक ज्येष्ठ सहकारी सहज बोलून गेले, ‘अहो, ते मी नेलं शुक्रवारी. तुम्ही घरी गेला होतात.’ कपाटाला दोन किल्ल्या लागत. एक त्यांच्याकडे होतीच. दुसरी, माझी, मी रोज संध्याकाळी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून जात असे आणि ते विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. वहीत लिहायची गरज त्यांना वाटली नाही, कारण वही विद्यार्थ्यांसाठी, असा सगळ्यांचा समज. मी त्या मुलाची माफी मागितली. त्याने मान हलवली. पुढच्या सत्रात त्याने रसायनशास्त्र सोडलं.

कपाट चांगलं होतं, वही चांगली होती. नियम किल्ली बाळगणाऱ्याला लागू नव्हता, तिथे घात झाला. त्यानंतर आम्ही वहीला आठवा रकाना जोडला : किल्ली कुणी, किती वाजता घेतली. विभागप्रमुखांनाही सही चुकली नाही, मलाही नाही.

पोलिसांकडे ॲपची किल्ली द्या म्हणता तेव्हा मला तो ड्रॉवर आठवतो. आणि माझं कपाट तर एकच होतं. संदेशांच्या कुलपाला चोरकिल्ली केली की ती एकाच वेळी सगळ्यांच्या कपाटांना लागते, तुमच्या मुलींच्याही. अमेरिकेच्या सरकारने 1993 मध्ये असा प्रयत्न केला होता. क्लिपर चिप नावाची, बोलणं सांकेतिक करणारी चकती टेलिफोनमध्ये बसवायची, तिची किल्ली दोन तुकडे करून दोन सरकारी खात्यांकडे ठेवायची. ऐकायला आमच्या दोन किल्ल्यांसारखंच. पण 1994 मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिलं की सरकारची किल्ली निकामी करूनही ती चिप वापरता येते. म्हणजे ज्याला पकडायचं तो निसटणार आणि बाकीच्यांच्या किल्ल्या मात्र सरकारजमा. दोन-तीन वर्षांत ती योजना बारगळली.

ग्रीसमध्ये तर याहून वाईट घडलं. तिथल्या एका मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत कायदेशीर फोन-टॅपिंगसाठी सोय करून ठेवलेली होती. 2004 ते 2005 या काळात कुणीतरी गुपचूप तीच सोय चालू केली आणि पंतप्रधानांसह 100 हून अधिक जणांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. चोराला दार फोडावं लागलं नाही, पोलिसांसाठी केलेलं दार आयतं होतं.

मग मुलींचं काय? एका ठरावीक माणसावर संशय असेल तर न्यायालयाचा आदेश घेऊन त्याचा फोन जप्त करा, तो कुणाशी कधी बोलला याच्या नोंदी मागवा, वेष पालटून त्याच्याशी बोलणारे अधिकारी नेमा. या सगळ्यासाठी माझा पाठिंबा आहे, कारण यातल्या प्रत्येक पावलावर कुणीतरी सही करतो आणि उद्या त्याला जाब विचारता येतो. तक्रार आली की तासाभरात दखल घेणं ॲपच्या कंपनीवर बंधनकारक करा. एवढं करूनही काही नराधम सुटतील, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. ती किंमत मोठी आहे. चोरकिल्ली केली तर त्याच नराधमांना तुमच्या मुलींच्या फोनपर्यंत आणखी एक वाट मिळेल, म्हणून मी ती किंमत स्वीकारते. तुम्ही ‘लपवण्यासारखं काही नाही’ लिहिलंत. मुलींचे फोटो, त्यांचा शाळेतून यायचा रस्ता, त्या एकट्या असतात ती वेळ, हे सगळं लपवण्यासारखंच आहे.

प्रश्न : शेजारच्या तरुणाचा ड्रोन आमच्या खिडकीसमोर घिरट्या घालतो. खासगी माणसाला ड्रोन बाळगायला बंदीच का नाही?

उत्तर : खिडकीत डोकावणं हा गुन्हा ड्रोनने केला काय नि शिडी लावून केला काय, सारखाच. आधी त्याच्याशी बोला, मग रीतसर तक्रार करा. बंदी मात्र नको. शेतीवर फवारणी, पुरात अडकलेल्यांचा शोध, पुलाच्या खालच्या भेगांची तपासणी, ही कामं हीच यंत्रं करतात. ड्रोनला नोंदणीक्रमांक असावा आणि उडताना त्याने तो रेडिओवरून सांगत राहावं, याच्या मी बाजूने आहे. डिसेंबर 2018 मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या वार्तेने सुमारे 1,000 उड्डाणांचा खोळंबा झाला. ड्रोन कुणाचा, याचा माग लागेना. पोलिसांनी जवळपास राहणाऱ्या एका दांपत्याला उचललं, दीड दिवस कोठडीत ठेवलं, त्यांची नावं आणि फोटो वर्तमानपत्रांत झळकले. त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे पोलिसांना त्यांना भरपाई द्यावी लागली. खरा माणूस कधीच सापडला नाही. नोंद नसली की संशय असा जो हाताशी सापडेल त्याच्यावर जातो. माझ्या त्या बाकावरच्या मुलासारखा.

प्रश्न : मी यंत्र अभियंता आहे. तुम्ही सुरक्षावाले प्रत्येक नव्या गोष्टीपुढे लाल झेंडा घेऊन उभे राहता. इंग्लंडमध्ये तर खरोखरच मोटारीपुढे लाल झेंडेवाला चालवत होते. अशाने वाफेचं इंजिन तरी आलं असतं का?

उत्तर : तुम्ही सांगता तो कायदा 1865 चा. रस्त्यावरच्या यांत्रिक गाडीपुढे 60 यार्डांवर लाल झेंडा घेतलेला माणूस चालत हवा, वेग गावात ताशी 2 मैल, बाहेर 4 मैल. 1896 मध्ये या गाड्यांवरचा काच सैल झाला. तो कायदा वाईट होता, इथे आपलं एकमत आहे. घोडागाडीच्या धंद्याला आणि रेल्वेला तो सोयीचा होता, हेही नोंदवते.

पण त्याच 1865 सालच्या 27 एप्रिलला मिसिसिपी नदीत काय झालं, तेही तुम्हाला माहीत असणार. ‘सुलताना’ नावाच्या आगबोटीचे बॉयलर फुटले. सुमारे पावणेचारशे माणसांसाठीच्या बोटीत 2,000 हून अधिक माणसं कोंबली होती, बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. 1,100 हून अधिक मेली. एका बॉयलरची फुगलेली जागा वाटेत घाईने ठिगळ लावून चालवून घेतली होती. बॉयलर बदलायला दिवस लागले असते आणि सैनिकांच्या भाड्याचं उत्पन्न दुसऱ्या बोटीला गेलं असतं. पुढे 1905 मध्ये ब्रॉक्टनच्या जोड्यांच्या कारखान्यात बॉयलर फुटून 58 कामगार गेले, तेव्हा कुठे मॅसॅच्युसेट्स राज्याने 1907 मध्ये बॉयलरचे नियम केले आणि त्यानंतर काही वर्षांत अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संघटनेची बॉयलर संहिता आली. पत्रा किती जाड, रिव्हेट कसे, सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला उघडणार, चाचणी कितीच्या दाबाला. तुमच्याच बिरादरीने लिहिलेली संहिता आहे ती, आणि तिच्यामुळे वाफ थांबली नाही. बॉयलरशेजारी उभं राहायला माणूस घाबरेनासा झाला आणि वाफ आणखी पसरली.

लाल झेंड्याने गाडी मंद केली, पण तिचा ब्रेक सुधारला नाही. नवा नियम आला की मी एवढंच तपासते : हा यंत्राच्या कमजोर जागेवर बोट ठेवतो की नुसता माणसाला अडवतो? पहिल्या जातीचा असेल तर मी त्याच्यासाठी भांडेन, दुसऱ्या जातीचा असेल तर तुमच्या शेजारी उभी राहीन.

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानात संशोधन करते. तुमचं ‘वस्तू कुलपात, ज्ञान मोकळं’ हे वाक्य आमच्या क्षेत्रात लागू पडत नाही. जनुकाचा क्रम म्हणजे ज्ञान की वस्तू? तो मजकूर आहे, पण यंत्रात घातला की डीएनए होऊन हातात येतो. डीएनए मागवताना आम्हाला संस्था, हेतू, सगळं विचारतात. माझ्या ओळखीच्या एका स्वतंत्र संशोधिकेला तर नकारच मिळाला. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता. हे ठरवणार कोण? आणि असं काही आहे का, जे तुम्हीसुद्धा साफ बंद ठेवाल?

उत्तर : तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. मागच्या अंकातलं वाक्य मी बाटल्यांच्या जगात राहून लिहिलं होतं. सायनाइडचं सूत्र फळ्यावर लिहिलं तर फळा विषारी होत नाही. तुमच्या क्षेत्रात मात्र फळ्यावरचं उतरून येतं. 2002 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात एकार्ड विमर यांच्या गटाने प्रसिद्ध झालेला क्रम आणि टपालाने मागवलेले डीएनएचे तुकडे यांच्या आधारे पोलिओचा विषाणू जुळवला, सुमारे 7,500 अक्षरांचा. 2018 मध्ये कॅनडातल्या एका गटाने अश्वदेवीचा, म्हणजे घोड्यांना होणाऱ्या देवीसारख्या रोगाचा, विषाणू असाच जुळवल्याचं प्रसिद्ध केलं, तो 2 लाखांहून अधिक अक्षरांचा. मधल्या काळात, 2006 मध्ये, एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या पत्रकाराने देवीच्या विषाणूच्या डीएनएचा एक छोटा, निरुपद्रवी केलेला तुकडा मागवून पाहिला. तो बिनबोभाट घरपोच आला. हे वाचलं तेव्हा मी भांडारात होते. दोन ग्रॅम मर्क्युरिक क्लोराइडसाठी मी दोन सह्या घेत होते.

तेव्हा वाक्य दुरुस्त करते. ज्ञानाची वस्तू जिथे होते त्या उंबरठ्यावर कुलूप हवं. तुमच्या बाबतीत तो उंबरठा म्हणजे डीएनए बनवून देणारी कंपनी आणि टेबलावर बसणारं यंत्र. मागितलेला क्रम धोकादायक जंतूंच्या क्रमांशी ताडून बघणं आणि गिऱ्हाईक कोण ते विचारणं, हे काही कंपन्या 2009 पासून एकत्र येऊन आपखुशीने करतात. आपखुशीची तपासणी म्हणजे चार दुकानांत वही आणि पाचव्यात नाही. जो लपवतोय तो पाचव्यातच जाणार. म्हणून ती सगळ्यांना सक्तीची असावी, असं माझं ठाम मत आहे. रसायनांचा अनुभव इथे कामाचा आहे. 2022 मध्ये औषधं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या संशोधकांनी आपल्याच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला उलटी आज्ञा देऊन पाहिली : विषारी रेणू टाळण्याऐवजी शोध. सहा तासांच्या आत तिने 40,000 रेणू सुचवले, त्यात व्हीएक्स हे ज्ञात युद्धविषही होतं. आकडा वाचून माझ्या पोटात गोळा आला. पण पडद्यावरचा रेणू बाटलीत यायला कच्ची रसायनं लागतात, आणि 1997 पासून लागू असलेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारामुळे त्यातल्या कित्येकांच्या खरेदी-विक्रीवर नजर आहे. तो उंबरठा राखलेला आहे म्हणून त्या प्रयोगाची चर्चा मोकळेपणाने होऊ शकली. तुमच्या क्षेत्रातला उंबरठा अजून अर्धाच राखलेला आहे.

तुमच्या मैत्रिणीला नकार मिळाला, त्याचं कारण तिला लेखी मिळालं का? दाद कुठे मागायची ते सांगितलं का? नसेल तर तो नियम नव्हे, दुकानदाराची मर्जी झाली. संस्थेचा शिक्का नसलेल्या माणसालाही ओळख पटवून, हेतू लिहून, कुणा जाणत्याची साक्ष घेऊन काम करता आलं पाहिजे. 1851 मध्ये अनोळखी गिऱ्हाइकासाठी साक्षीदाराची सोय होती, आज नसावी?

ठरवणार कोण, याला माझ्याकडे एक आवडतं उदाहरण आहे. 1976 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाला जनुकसंकराच्या, म्हणजे एका जीवाचं जनुक दुसऱ्यात जोडण्याच्या, प्रयोगांसाठी खास प्रयोगशाळा बांधायची होती. हार्वर्ड ज्या केंब्रिज शहरात आहे तिथले महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी शास्त्रज्ञांना नगरपरिषदेत उभं करून प्रश्न विचारले आणि ते प्रयोग काही महिने थांबवले. मग शहराने नागरिकांची समिती नेमली. तिच्यात परिचारिका होती, इमारतींचा इंजिनिअर होता, इंधन तेलाचा व्यापारी होता. जनुकांवर काम करणारं कुणीच नव्हतं. या मंडळींनी 100 तासांहून अधिक वेळ बसून दोन्ही बाजू ऐकल्या, न कळलेलं पुन्हा विचारलं, आणि 1977 च्या जानेवारीत सांगितलं : प्रयोग होऊ द्या, या-या अटींवर. कामगारांच्या आरोग्यावर नजर ठेवण्याची अट त्यात होती. पुढच्याच महिन्यात शहराने त्याचा कायदा केला. शास्त्रज्ञांतल्या कित्येकांना वाटलं होतं की आता सगळं संपलं. तेच शहर पुढे जैवतंत्रज्ञान कंपन्यांचं माहेरघर झालं, कारण नियम काय आहेत ते तिथे आधीच कळत होतं. ती परिचारिका मला फार जवळची वाटते. धोका झाला तर ज्यांच्या अंगावर येणार, त्यांतली एक जण ठरवणाऱ्यांत बसली होती.

आणि साफ बंद काय ठेवीन? देवीचा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेने 1980 मध्ये देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. आज त्याचे अधिकृत साठे दोनच ठिकाणी आहेत, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोव्होला. तो नव्याने जुळवण्याचं स्वातंत्र्य मी कुणाला देणार नाही, संस्थेलाही नाही, सरकारलाही नाही. सोमलाने एक घर मरतं आणि तिथे थांबतं. देवी माणसाकडून माणसाकडे चालत जाते. नोंदवही चूक झाल्यावर माग काढते, आणि इथे माग काढेपर्यंत उशीर झालेला असतो.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात देवीवर संशोधन चालायचं, साऱ्या जगात रोग आटोक्यात आल्यानंतरही. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर वैद्यकीय छायाचित्रं काढणाऱ्या एक बाई काम करत होत्या. ऑगस्ट 1978 मध्ये त्यांच्या अंगावर पुरळ उठला. सप्टेंबरमध्ये त्या गेल्या, देवीने दगावलेल्या जगातल्या शेवटच्या व्यक्ती. विषाणू वर कसा पोचला, यावर पुढे न्यायालयात वाद झाला आणि तो कधी मिटला नाही. खाली काय ठेवलंय हे माहीत असणाऱ्यांच्या, ते ठेवायला परवानगी देणाऱ्यांच्या, लस घेऊन आत जाणाऱ्यांच्या नोंदी होत्या. वरच्या मजल्यावरच्या त्या बाईंना कुणी काही विचारलं नव्हतं.